बासष्ट वजा दोन

भिंतीवर चुन्यानं लिहिलं होतं, काटा खरा, समिती खोटी. नालवाडीच्या वळणावर रस्त्याची खडी उखडलेली आहे, तिथे मी रोज सायकल सावकाश करतो, म्हणून वाचावंच लागलं. काल नव्हतं. चुना अजून ओला होता आणि ‘खरा’चा काना ओघळून खालच्या ओळीत शिरला होता. मी एक पाय टेकवून उभा राहिलो. मागून दूधवाला घंटी वाजवत आला, जाता जाता म्हणाला, वाचलं काय मधुकरराव, पोट्ट्यायनं तुमचंच नाव लिहून ठेवलं. माझं नाव तिथे कुठेच नव्हतं. तरी त्याचं म्हणणं बरोबर होतं. इकडे काटा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लोखंडाचा फलाट आणि दांडी येत नाही, मी येतो. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, बारा वर्षांपासून जिनिंगच्या आवारात शेतकऱ्यांचा कापूस तोलणारा माणूस. मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. बेंबीच्या वर कुणीतरी मूठ वळल्यासारखं झालं, आणि मी पायडल मारायला लागलो तरी ती मूठ काही उघडली नाही.

सांगूनच टाकतो. रेंगाळलो तर मीच काहीतरी दुसरं सांगत बसेन, मला माझा भरवसा नाही. लहानूचं वजन बासष्ट किलो होतं. चिठ्ठीवर मी साठ लिहिलं. त्या दोन किलोंसाठी कबड्डीच्या साखळी समितीनं आमच्या मंडळाचे वस्ताद बंडूजी यांना दोन वर्षं मैदानाबाहेर काढलं, आणि आम्ही सेलूविरुद्ध जिंकलेला सामना सेलूला देऊन टाकला. आमच्या नालवाडीची पोरं भिंती रंगवताहेत, ती अन्याय झाला म्हणून. अन्याय झालाच आहे. फक्त तो कुठे झाला हे मला एकट्याला माहीत आहे, आणि हे माहीत होऊन अजून एक दिवससुद्धा झालेला नाही.

नाही, हे मधूनच झालं. रविवारपासून सांगायला हवं. की शुक्रवारपासून? त्याच्या आदल्या शुक्रवारी बंडूजींनी लहानूला पळवायला सुरुवात केली होती. लहानू रोहणा गावचा पोरगा, वीस वर्षांचा, बंडूजींच्या घरी राहून त्यांच्या वाडीत काम करायचा आणि संध्याकाळी चढाया करायचा. साखळीचे सामने साठ किलोच्या आतल्या गटाचे. दिवाळीनंतर शालूबाईंच्या हातच्या भाकरी खाऊन लहानू भरला होता. मग काय करायचं ते इथले सगळे वस्ताद करतात तेच, कापसाचे रिकामे बोरे, तागाची पोती, अंगावर गुंडाळून पोराला बांधावरून पळवायचं, घाम काढायचा, दोन दिवस घोटभर पाण्यावर ठेवायचं. त्यात नियमाबाहेरचं काही नाही. पंच स्वतःसुद्धा तरुणपणी तसेच पळालेले. शनिवारी मी कामावरून परतत होतो तेव्हा तो बांधावरून येताना दिसला, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बोऱ्यांत, वर दोरीनं आवळलेला, तोंडातून वाफा. जिनिंगला येणाऱ्या मालासारखाच दिसत होता. हे मला तेव्हा वाटलं होतं, की आता मागे वळून बघताना मी तिथे चिकटवतोय? आता मला कशाचीच खात्री देता येत नाही. डोकं आपल्या सोयीनं आठवतं, हे मी पूर्वी नुसतं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी साडेसहाला वजनं. समितीकडे स्वतःचा काटा नाही, म्हणून दर साली जिनिंगचा काटा वापरतात, आणि काट्याबरोबर मी. धुकं होतं. सरकीचा तेलकट वास आवारात साचलेला, त्यात चाळीस-पन्नास पोरांच्या उघड्या अंगांचा वास. पंच फाटकाशी चहा पीत उभे होते. एकेक पोर चड्डीवर फलाटावर चढायचं, मी दांडीवरची गुंडी सरकवायचो, दांडी आडवी झाली की आकडा बोलायचो आणि चिठ्ठीवर लिहायचो. सत्तावन्न. साडेअठ्ठावन्न. एकोणसाठ. बोटं गारठली होती, मी मधून मधून त्यांच्यावर फुंकर घालत होतो. लहानू आला तो बोऱ्यातच. शेवटच्या घटकेपर्यंत घाम निघावा म्हणून बंडूजींनी तो अंगावरच ठेवला होता. फलाटावर त्याचा पाय पडला तेव्हा माझ्यासमोर बोरा होता, तागाचा, त्यावर काळ्या शाईचे अर्धवट पुसलेले आकडे. मग बंडूजींचा हात पुढे आला आणि त्यांनी तो बोरा खांद्यावरून ओढून बाजूला टाकला. मी पाहिलं. पाहिलं आणि पाहिलं नाही. गुंडी सरकवली, दांडी आडवी झाली बासष्टावर. मी म्हणालो, साठ. लिहिलं, साठ.

बोऱ्यात कापूस येतो. भरलेला बोरा काट्यावर ठेवतात, जो आकडा येतो त्यातून रिकाम्या बोऱ्याचे दोन किलो वजा करायचे आणि उरेल ते शेतकऱ्याच्या नावे बोलायचं. बारा वर्षं. एका हंगामात किती हजार बोरे, मी कधी हिशोब केला नाही. तो वजा करायला आता डोकं लागत नाही, डोळ्याला ताग दिसला की जीभच दोन किलो खाली उतरते. एकदा घरी कुसुमनं गव्हाचं पोतं दाखवून विचारलं, हे केवढ्याचं असेल, तर मी अंदाज सांगितला तोही दोन वजा करून, आणि ती आठवडाभर मला हसत होती. तेव्हा मीही हसलो होतो.

संध्याकाळचा सामना. मी प्रेक्षकांत होतो, माझा घसा अजून बसलेला आहे, ही सगळी गोष्ट मी बसक्या आवाजातच भोगतोय. शेवटची दोन मिनिटं आणि आम्ही एका गुणानं मागे. लहानू चढाईला गेला. दम सोडत नव्हता, कबड्डी कबड्डी हे शब्द त्याच्या ओठांवर नुसते थरथरत होते. सेलूच्या उजव्या कोपऱ्यानं त्याचा घोटा धरला, मधल्या दोघांनी कंबर धरली, आणि तो त्या तिघांना ओढत, मातीत छाती घासत आला आणि बोटांची पेरं मधल्या रेषेला लावली. तीन गुण. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. ते तिघांना ओढणं. त्यात दोन किलोंचा हात किती होता? हा विचार मला तेव्हा येणं शक्य नव्हतं, पण आता तो चढाईच्या आधीच येऊन बसतो आणि मला ती चढाई कधीच पुन्हा सुखानं बघू देत नाही.

सेलूवाल्यांनी तिथेच हरकत घेतली. त्यांचा एक माणूस सकाळी आवारात होता, त्यानं बंडूजींचा हात पोराच्या खांद्यावर पाहिला होता. लहानूला मैदानातून थेट धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. साडेएकसष्ट. अर्धा किलो घाम मैदानात गेला असणार. बुधवारी शाळेच्या वर्गात सुनावणी झाली. समितीचे अध्यक्ष अण्णाजी, निवृत्त मुख्याध्यापक, कधी कुणाचा चहासुद्धा न पिणारे, त्यांनी मला समोर बसवून विचारलं, काट्यात काही बिघाड आहे काय. नाही म्हणालो. चिठ्ठी तुमच्या हातची? हो. बंडूजींचा हात पोराच्या अंगावर होता? होता. तिन्ही उत्तरं खरी. बाकावर कोणत्यातरी पोरानं कर्कटकानं कोरलेली होडी होती, मी तिच्यावरून बोट फिरवत बसलो होतो आणि मला वाटत होतं की मी काय सच्चा माणूस आहे. बंडूजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे काय. ते म्हणाले, समितीनं पाहावं. एवढंच. समितीनं पाहिलं, आणि ठरवलं की वस्तादानं खेळाडूला खांद्याखालून उचलून वजन कमी दाखवलं.

मग भडकाच उडाला. ओमप्रकाशच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती. एक म्हणाला, मागच्या साली पंचाच्या थोबाडीत मारणाऱ्याला एक महिना दिला आणि बंडूजीला दोन वर्षं, म्हणजे दोन किलो एका थोबाडीपेक्षा भारी झाले. दुसरा म्हणाला, जो जाड झाला त्याला सोडलं आणि ज्यानं पळवलं त्याला धरलं. अण्णाजींचा जावई सेलूचा आहे इथपर्यंत गोष्ट गेली, मग कुणीतरी म्हणालं, अण्णाजीला मुलगीच नाही, तर पहिला म्हणाला, मंग पुतनीचा असन. सगळ्यात जास्त तापले होते सदाशिवराव. नालवाडीचे जुने शेतकरी, खेळात त्यांनी कधी बोट मोडलं नसेल, पण मैदानावर पहिली जागा त्यांची. ते म्हणाले, उचलून वजन कमी करता येते, तं काट्यावर मधुकरराव काय झोपले होते? त्यायच्या डोळ्यादेखत रतीभर इकडचं तिकडे होत नाई. सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून खाली गेलं, ते मी बोटांनी काढत बसलो.

काल, गुरुवारी, अनुसयाबाई आल्या. एकट्या बाई आहेत, एकराचा कापूस, वेचतील तसा आणतात. बोरा नव्हता त्यांच्याकडे, लुगड्याचं गाठोडं. हमालानं ते फलाटावर ठेवलं, गुंडी चाळिसावर थांबली, मी बोललो, अडतीस. हमाल म्हणाला, बोरा नाई जी त्याच्यात. मी म्हणालो, अं? तो म्हणाला, लुगड्याचे पावशेर धरा, दोन किलो काऊन काटता. मी पुन्हा पाहिलं. चाळीस लिहिलं. अनुसयाबाईंचं तिकडे लक्षही नव्हतं, त्या बैलाच्या पाण्याचं विचारत होत्या. आणि मला एकाएकी रविवारची सकाळ दिसली, काचेतून दिसावी तशी, आवाज नसलेली. फलाटावर उघडा लहानू. खाली पडलेला बोरा. दांडी. बासष्ट. मी तिथेच बसलो. हमालानं पाणी आणून दिलं.

तो हमाल रोज नसतो.

हे वाक्य मी वेगळंच ठेवतो, कारण ते माझ्या डोक्यातही वेगळंच राहतं, कशाला जोडत नाही. लुगड्याची गाठोडी याआधीही आली असतील. चादरीत बांधलेला कापूस, धोतरात बांधलेला. प्रत्येक वेळी हमाल बोलला असेल? बोलला असेल. नसेल. मी आठवायला जातो तेव्हा बारा वर्षांचे आकडे एकाच रांगेत उभे राहतात आणि सगळ्यांची तोंडं सारखी. म्हणजे मी समितीपुढे जाऊन बोललो तर बंडूजींचं नाव स्वच्छ होईल, आणि दुसऱ्याच क्षणी मैदानावरचा प्रत्येक माणूस, जो बंडूजींसाठी ओरडतोय तोच, आपापल्या गाठोड्याकडे वळेल. आणि मी काय सांगणार त्यांना?

म्हणून आज भिंत वाचल्यावर मी कामावर आलो आणि डबा खायच्या वेळात अर्ज लिहायला बसलो.

मा. अध्यक्ष, साखळी समिती, यांसी. अर्जदार मधुकर, काटेवाला, विनंती करतो की दिनांक चौदा जानेवारी एकोणीसशे एकोणऐंशी रोजी सकाळी मजकडून नजरचुकीने

नजर चुकली नव्हती. नजरेनं बरोबर बासष्ट पाहिले होते.

मजकडून सवयीने खेळाडू लहानू याचे वजनातून

सवय लिहिली की ते विचारतील, कसली सवय.

मजकडून

तेवढ्यात सदाशिवराव आले, हातात फुलस्केप कागद. मी अर्ज डब्याखाली सरकवला. त्यांनी आपला कागद काट्याच्या फलाटावरच पसरला. रविवारी सकाळी अपील आहे, तीनशे सह्या द्यायच्या आहेत, आणि पहिली सही तुमची पाह्यजे, म्हणाले, कारण सगळी गोष्ट तुमच्यावरच उभी आहे. वर लिहिलं होतं, खेळाडूचे वजन चिठ्ठीत दाखविल्याप्रमाणे बरोबरच होते अशी आम्हा सर्वांची खात्री आहे. मी पेन्सिल काढली. ते म्हणाले, पेन्सिलनं नका करू, आणि आपला पेन दिला. मी सही केली. हे लिहिताना मला ती सही दिसते, पहिल्या नंबरावर, नेहमीपेक्षा सुबक. काऊन केली? कारण त्यांनी पेन दिला. कारण फलाटावर वाकलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाची मान मला दिसत होती, उन्हानं भेगाळलेली. यापेक्षा चांगलं कारण माझ्याजवळ नाही, मी शोधून पाहिलं.

कुसुमला मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, जेवण काऊन कमी झालं, तुमाले बी वजन करायचं आहे काय. मी हसल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी सुट्टी झाल्यावर सायकल घराकडे वळवली नाही, बंडूजींच्या वाडीकडे नेली. वांग्याचे वाफे होते. शालूबाई टोपलं घेऊन वांगी तोडत होत्या, बंडूजी फावड्यानं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होते. लहानू दिसला नाही, बाजारात गेलता म्हणे. मी बांधावर उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, बोरा, सवय, साठ. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. चिखल पायांच्या बोटांमधून वर येत होता. ते थांबले नाहीत. तो वाफा भरला, त्यांनी माती ओढून तोंड बंद केलं, पुढच्याचं उघडलं, मग म्हणाले,

“मले मालूम आहे.”

काय मालूम आहे, मी विचारलं.

“गुंडी बासष्टावर होती. मी तुमच्या बाजूलेच उभा होतो ना. तुमी साठ म्हटलं तवा मले वाटलं, मधुकररावनं आपल्यासाठी डोळा झाकला. मंग तुमच्या तोंडाकडे पाह्यलं. तुमाले तं काईच मालूम नव्हतं.”

आणि मग?

“मंग काय. तवाच बोलाचं होतं. एक शबूद. पन लहानू हासून राह्यलता, अन् मले मैदान दिसून राह्यलं होतं.”

मी खाली बसलो. बांध ओला होता, ते मला नंतर कळलं. मी विचारलं, मग सुनावणीत काऊन नाही बोललात. ते म्हणाले, काय बोलू, मधुकररावचा काटा चुकते म्हणू? पुढच्या हप्त्यात माह्याच कापसाच्या दोन बैलबंड्या यायच्या आहेत तथी. साऱ्या गावाच्या येतात. लोकायले त्या काट्याशिवाय दुसरं कोन आहे, सांगा. मी म्हणालो, उद्या मी सांगणार आहे. त्यांनी फावडं मातीत रोवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. सांगू नका, म्हणाले.

“दोन वर्षं मले बरोबर वाटतात. लोकं म्हणतात लई झाले, म्हणू द्या. मी गप्प बसलो, त्याचे होत हे दोन वर्षं. समितीनं चुकीच्या कामासाठी देल्ले, पन आदमी बरोबर धरला.”

आणि लोकांचा राग?

“लोकायले मी आवडून राह्यलो सध्या,” ते म्हणाले आणि हसले, “जिंकून आलो तवाबी इतका नव्हतो आवडत.”

शालूबाईंनी मला पिशवीभर वांगी दिली. परतताना ती पिशवी हँडलला लटकून सारखी चाकाला लागत होती. मी काय काय ठरवलं त्या रस्त्यावर. सांगायचं नाही. सांगायचं. बंडूजींचं गप्प बसणं सांगायचं नाही, आपला भाग तेवढा सांगायचा. पण मी हे बंडूजींसाठी करतोय का? त्यांना नको आहे. शिक्षा त्यांनी स्वतःशी जुळवून घेतली आहे, अंगरखा थोडा कापून बेतात बसवावा तशी. मग मला काय पाहिजे? पोटातली मूठ उघडायला पाहिजे. एवढंच असेल तर हे फार लहान कारण आहे. पण मोठं कारण येईपर्यंत थांबलो तर रविवार निघून जाईल.

रविवार. शाळेचं मैदान. तीनशे तरी माणसं, जमिनीवर, भिंतीवर, दोघं-तिघं कडुनिंबावर. घोषणा चालल्या होत्या. अण्णाजी व्हरांड्यात टेबलापाशी उभे होते, चष्मा पुसत. ते अपील वाचायला लागले आणि पहिल्या सहीपाशी आले, माझं नाव घेतलं, तर टाळ्या पडल्या. मी हात वर केला. लोकांना वाटलं मी टाळ्या थांबवतोय, ते आणखी जोरात वाजवायला लागले. मी उठून टेबलापाशी गेलो. घसा बसलेलाच. शेवटी अण्णाजींनीच सगळ्यांना गप्प केलं.

“लहानूचं वजन बासष्ट होतं,” मी म्हणालो. “मी साठ लिहिलं. बोऱ्याचे दोन किलो काटले. बोरा त्याच्या अंगावर नव्हता, खाली पडला होता. वस्तादाचा हात होता तो बोरा काढायसाठी. त्यायचा काई दोष नाई.”

एवढं बोलायला किती वेळ लागला असेल, पाव मिनिट. कडुनिंबावरच्या पोरानं फांदी बदलली, तिचा आवाज आला. माझ्या पोटातली मूठ खरंच उघडली. मला वाटलं, झालं. मी माणसांकडे बघायला लागलो आणि मला दिसलं की ती माझ्याकडे बघत नाहीत, आपल्या आत कुठेतरी मागे मागे जाताहेत, एकेक हंगाम मागे. पहिल्या रांगेतून सदाशिवराव उठले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

“बोरा नसतानाबी काटता तुमी?”

मी म्हणालो, त्या दिवशी काटले.

“अन् आमच्या कापसातून?”

मी तोंड उघडलं. माहीत नाही, हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते, मी शपथेवर सांगतो की आले होते.

“खोटं बोलून राह्यले ते.”

मागे, भिंतीपाशी, बंडूजी उभे होते. त्यांना आत यायची बंदी होती, ते कधी आले कुणाला कळलं नव्हतं. गर्दीनं वाट दिली. ते पुढे आले नाहीत, तिथूनच बोलले, मैदानावर पोरांना सूचना देताना बोलतात तशा स्वच्छ आवाजात. म्हणाले, पोराले मीच उचललं होतं, बगलेत दोन बोटं घालून, सेलूवाल्यानं पाह्यलं ते बरोबर पाह्यलं. मधुकरराव भला माणूस आहे, मले वाचवासाठी सोतावर घेऊन राह्यले. त्यायच्या काट्यात काई खोट नाई अन् त्यायच्या हातात बी नाई. अण्णाजी, तुमची सजा बरोबर आहे.

लहानू पहिल्या रांगेच्या टोकाला बसला होता. तो अर्धा उठला, वस्ताद, म्हणाला. बंडूजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

मी ओरडलो. बसक्या घशानं जेवढं ओरडता येतं तेवढं, की हे खरं नाही, त्यांनी उचललं नाही, मी सांगतो ते खरं आहे. पण मी बघत होतो, एका क्षणात तीनशे माणसांचे खांदे खाली आले होते. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला तो ऐकू आला. त्यांना कोणती गोष्ट खरी असायला हवी होती हे त्यांचं त्यांना ठरवावंच लागलं नाही. सदाशिवराव माझ्याजवळ आले, माझ्या दंडावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरले होते. घाबरवून टाकलं ना बाप्पा तुमी, म्हणाले. मी म्हणालो, सदाशिवराव, ऐका. ते म्हणाले, समजलं आमाले, राहू द्या, दुसऱ्यासाठी इतकं कोनी करत नाई. मग ते वळले. टेबलावरचा सह्यांचा कागद उचलला आणि फाडला, आधी उभा, मग आडवा. आणि भिंतीकडे बघून, ज्या माणसासाठी ते दोन दिवस उन्हात घरोघर हिंडले होते त्याला म्हणाले, दोन वर्षं कमी झाले तुले. चोट्टा लेकाचा.

कुणीतरी चप्पल फेकली. ती बंडूजींना लागली नाही, भिंतीला लागून पडली. ते वाकले, ती उचलून भिंतीशी नीट ठेवली, आणि फाटकातून बाहेर गेले. पोरं मागे हुर्यो करत गेली. दोघांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मी हात झटकले, तर त्याचंही कौतुक झालं.

शिक्षा न्याय्य होती की नव्हती यावर ओमप्रकाशच्या हॉटेलात आता कुणी बोलत नाही. मी बोलायला जातो. चार वेळा बोललो. ते ऐकून घेतात, चहाचा कप पुढे सरकवतात, एकमेकांकडे बघतात, आणि त्या नजरेत माझ्याबद्दल इतका आदर असतो की मला उठून जावं लागतं. अण्णाजींना लेखी अर्ज दिला, या वेळी एकही वाक्य न तोडता. त्यांनी वाचून घडी घातली आणि म्हणाले, मधुकरराव, दया चांगली आहे, पण समिती ठरावावर चालते. बंडूजींच्या वाडीवर गेलो होतो. शालूबाई दारातूनच म्हणाल्या, ते नाईत. त्यांचं फावडं ओलं, भिंतीला टेकवलेलं होतं. त्यांच्या दोन बंड्या यायच्या होत्या. त्या आमच्याकडे आल्या नाहीत. सेलूकडे नेल्या, म्हणतात, रात्रीच निघून, म्हणजे सकाळी वाटेत कुणी भेटू नये.

सोमवारी सदाशिवरावांचा कापूस आला. अकरा बोरे. पहिला बोरा फलाटावर चढला. मी गुंडीला हात लावला नाही. म्हणालो, इकडे या, दांडी पाहा. ते बैलाच्या मानेवरचं जू सारखं करत होते. म्हणाले, तुमी सांगा जी, आमी कायले पाहू. मी म्हणालो, नाही, पाहा, तुम्ही पाहिल्याशिवाय मी तोलणार नाही. रांगेतली माणसं हसली, प्रेमानं, घरातल्या हट्टी माणसाला हसतात तशी. एक जण म्हणाला, आता आमची परीक्षा घेऊन राह्यले मधुकरराव. मागच्या बंडीचे बैल अस्वस्थ झाले होते, हमाल खोळंबला होता. मी बोरा रिकामा करायला लावला, रिकामा बोरा वेगळा तोलला, कागदावर लिहिला, मग पुन्हा भरून तोलला. गुंडी सरकवताना बोटांना घाम होता. मी आकडा मोठ्यानं बोललो. कुणी मान वर केली नाही. मी तोच आकडा आणखी एकदा बोललो. सदाशिवरावांनी माझ्याकडे पाठ ठेवूनच मान हलवली आणि हमालाला म्हणाले, चाल बाप्पा, दुसरा ठेव.